पंचवीस सेंटिमीटरची टोपी

झालरमावशीला रिकाम्या हाताने बसलेलं कुणी पाहिलंय का? पाहिलं असेल तर त्याने खुशाल पुढे यावं आणि सांगावं. नाही येणार कुणी. बाई जेवायला बसली तरी खांद्यावर दोरा ओवलेली सुई टोचलेली असायची, आणि तीच सुई शोधत घरभर फिरायची ती वेगळीच.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या. खिडकीखाली पायाचं मशीन, मशीनशेजारी चिंध्यांची पोतडी, आणि घरात जे जे म्हणून हलत नाही त्याला खोळ. रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, गॅसच्या सिलिंडरला खोळ, आणि प्रत्येक खोळीला खालून झालर. म्हणून तर झालरमावशी. नवरा पोस्टमन होता, गरीब माणूस. दुपारी खुर्चीत डोळा लागला की दचकून उठायचा आणि म्हणायचा, "उठतो बाई, नाहीतर मलाही खोळ चढवशील." त्याच्या टपालाच्या पिशवीला तिने आतून फुलाफुलांचं अस्तर लावलं होतं. ऑफिसातले हसले, पण त्याने ते कधी काढलं नाही.

ती कुठे शिकली म्हणाल तर कुठेच नाही. नऊ वर्षांची असताना वडिलांच्या विरलेल्या शर्टाची कॉलर तिने उसवली, उलटी केली आणि पुन्हा बसवली. वडील तो शर्ट घालून कामावर गेले, दिवसभर फिरले, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. बस्स. त्या दिवशी तिला जो आनंद झाला तो जन्मभर पुरला. शिवणाचे पैसे तिने क्वचितच घेतले. कुणाच्या घरी मूल झालं की चार दिवसांत झालरमावशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दारात हजर.

खोड एकच. कपड्याच्या आत ती भरमसाट कापड राखून ठेवायची. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं, खाली चार बोटं, खांद्यावर चुण्या, की पुढच्या वर्षी उसवून मोठं करता यावं. "मूल म्हटलं की वाढणारच. कपड्याने त्याच्यासाठी जागा ठेवायला नको?" हा तिचा कायदा. तिच्या एकुलत्या एक लेकीचा दुसरीतला फ्रॉक पाचवीपर्यंत चालला. दर वर्षी खालची एक दुमड सोडायची. पण जुन्या दुमडीची गडद रेघ काही केल्या धुऊन जायची नाही, आणि वर्गातल्या पोरी त्या रेघा बोट लावून मोजायच्या. लेक घरी येऊन रडायची. पंधरा वर्षांची झाली तेव्हा तिने दारात उभं राहून जाहीर केलं, "आई, यापुढे मी तुझ्या हातचं काही घालणार नाही. रुमालसुद्धा नाही."

मावशी हसली. "बरं बाई, नको घालूस." पण लागलं ते लागलंच. जग तिच्या हातचं घालत होतं आणि पोटची पोर दुकानातलं तयार आणत होती. लेक पुढे चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, जहाजावरच्या एका मेकॅनिकशी लग्न केलं, आणि शब्दाची इतकी पक्की की लग्नातसुद्धा आईचा एक टाका अंगावर पडू दिला नाही.

म्हणून लेकीला सहावा महिना लागला आणि एका रविवारी ती मशीनशेजारी येऊन नुसतीच घुटमळत उभी राहिली, तेव्हा मावशीने मुद्दाम मान वर केली नाही.

"आई."

"बोल."

"एक झबलं शिवशील? बाळाला. एकच हं. आणि झालर नको."

मावशीला आभाळ ठेंगणं झालं. झबल्यासाठी तिने मलमल आणली, आठ वेळा धुतली, गालाला लावून बघितली, नवव्यांदा धुतली. झबलं झालं, कागदात गुंडाळून कपाटात ठेवलं. आणि सातवा महिना नीट सरायच्या आत लेकीचा रक्तदाब वाढला, पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि डॉक्टरांनी पोट फाडून मूल बाहेर काढलं. मुलगी. नऊशे ग्रॅम.

नऊशे ग्रॅम म्हणजे किती हे मावशीला कळेना. तिने मनातल्या मनात कापडाचे तागे तोलून पाहिले. मग सिस्टरने तिला काचेपलीकडून दाखवलं. तळमजल्यावरच्या त्या खोलीत सात पेट्या होत्या, काचेच्या, आणि तिसऱ्या पेटीत नळ्यांच्या गुंत्यात नात होती. सोबत आणलेलं झबलं तिने पिशवीतून काढलंच नाही. त्यात अशा तिघी मावल्या असत्या.

"आता काय करायचं?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"तुम्ही काही करायचं नाही. वाट बघायची."

बघा हं, ज्या बाईला आयुष्यात कधी हात स्वस्थ ठेवता आले नाहीत तिला ही शिक्षा! लेक वरच्या मजल्यावर, टाक्यांनी आखडलेली, रक्तदाब उतरेना म्हणून उठायची बंदी. जावई समुद्रावर, फोन लागला तर लागला. आणि खाली लांब कॉरिडॉरमध्ये लोखंडी बाकावर झालरमावशी, जीव टांगणीला लागलेली. पहिला दिवस तिने स्वतःच्या बाहीचा दोरा उसवून पुन्हा शिवण्यात काढला. दुसऱ्या दिवशी बाही संपली.

शेवटी तिने सिस्टरला दारातच गाठलं. सिस्टर म्हणजे जाड भिंगाचा चष्मा आणि तोंडाने फटकळ, पण मनाने बरी. "बाई, मला काहीतरी काम सांगा हो. फरशी पुसू का?"

सिस्टरने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर खांद्यावरच्या सुईवर थांबली. "शिवता येतं?"

आता याला काय उत्तर द्यायचं! मावशीने नुसती मान हलवली.

"मग टोप्या शिवा. एवढ्याशा पोरांची सगळी ऊब डोक्यातून जाते. आमच्याकडच्या टोप्या नाकापर्यंत येतात. मऊ सुती कापड. लेस नाही, फीत नाही, बटण नाही. शिवून आणा, आम्ही वाफेवर निर्जंतुक करून घालू. डोक्याचा घेर पंचवीस सेंटिमीटर."

मावशी घरी आली ती जिना धावतच चढली. मलमलचा उरलेला तुकडा होताच. तासाभरात टोपी तयार. तिच्या मुठीवर नीट बसेल एवढी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती दिली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा चहा प्यायली. सोबत बिस्किटसुद्धा खाल्लं.

दुपारी सिस्टर टोपी हातात घेऊन बाहेर आली. "मावशी, आत काय भरलंय हे?"

मावशीने टोपी उलटी करून पाहिली. सवयीने, अगदी हाताच्या सवयीने, तिने आत अर्धा इंच कापड दुमडून ठेवलं होतं. चारही बाजूंनी. पुढे मोठी करता यावी म्हणून.

"कपाळावर लाल वळ उठलाय पोरीच्या," सिस्टर म्हणाली. "कागदासारखी कातडी असते हो यांची. शिवण बाहेरच्या बाजूला घ्या, आणि आत जास्तीचा एक धागासुद्धा नको. आजच्या मापाची शिवा. उद्याचं उद्या बघू."

एवढं बोलून ती आत गेली. तिच्या लेखी विषय संपला. मावशी तिथेच उभी राहिली. नातीला तिने आयुष्यात एकच गोष्ट दिली होती, आणि तिचा वळ उठला होता. ती भिंतीकडे तोंड करून रडली. रडताना कुणाला दिसू नये म्हणून पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करत राहिली.

घरी जाऊन तिने मलमल पुन्हा पसरली, खडूने आखलं, कात्री लावली आणि हात अडला. चाळीस वर्षांत तिने आत जागा न ठेवता मुलाचा एकही कपडा बेतला नव्हता. रेघेवरून कापायचं म्हणजे काय? पोरी, तू एवढीच, असंच ना ते? तिने कात्री खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. खालच्या दुकानात चाकात हवा भरण्याचा आवाज येत होता. शेवटी तिने डोळे मिटून नव्हे, चांगले उघडे ठेवून, रेघेवरून कापलं. टोपी हाताने शिवली, शिवण बाहेर, टाके इतके बारीक की बोटाला लागू नयेत. ही टोपी परत आली नाही.

मग तिचे दिवस मापांवर चालू लागले. सोमवारी आणि गुरुवारी सिस्टर आतून चिठ्ठी आणायची. पहिल्या गुरुवारी चिठ्ठीवर होतं साडेचोवीस. "कमी कसं झालं? माणूस कमी कसं होतं?" सिस्टर म्हणाली, पहिल्या दिवसांत सूज उतरते, असं होतं. मावशीने ऐकून घेतलं आणि आधीच शिवलेली पंचवीसची टोपी पिशवीच्या तळाशी लपवली, जणू तिचीच नजर लागली होती. पुढच्या सोमवारी पुन्हा पंचवीस. गुरुवारी सव्वापंचवीस! त्या पाव सेंटिमीटरसाठी मावशीने अख्ख्या कॉरिडॉरला चहा पाजला, पहारेकऱ्यालासुद्धा.

लेक वरून एकच विचारायची. "आई, टोपी केवढी झाली?" उतरवलेल्या टोप्या मावशी तिला नेऊन द्यायची. ज्या पोरीने रुमालसुद्धा घेणार नाही म्हटलं होतं ती त्या टोप्या उशाखाली ठेवून झोपायची, वास घ्यायची, आणि नर्सने धुवायला मागितल्या तर द्यायची नाही. मावशीला हसूही यायचं आणि रडूही.

बाकावर तिच्या शेजारी एक वेल्डर बसायचा. पाचव्या पेटीत त्याचा मुलगा. बायको दुसऱ्या वॉर्डात तापाने बेशुद्धीत. माणूस आडदांड, हातावर ठिणग्यांचे डाग, पण बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागायचा. पहिले दोन दिवस तो नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मावशी, आमच्याला एक मिळेल का टोपी?"

"माप?"

"साडेचोवीस. हात माझ्या या बोटाएवढा. पाऊल म्हणजे..." त्याने नख दाखवलं.

"टोपी हातात घालायची नसते रे," मावशी म्हणाली आणि दोघेही हसले. मग बाकीच्या पेट्यांनाही टोप्या आल्या. वेल्डर दोरे ओवून द्यायचा, कारण मावशीला जवळचं दिसेना आणि चष्मा बदलायला वेळ कुणाला होता. "लोखंड जोडायला ठिणगी लागते," तो म्हणायचा, "तुमचं बरं आहे, थुंकी पुरते." आठ दिवसांत त्याला साधा धावदोरा यायला लागला. वाकडातिकडा यायचा, पण यायचा.

एका दुपारी सिस्टर मावशीला बाजूला घेऊन गेली. चष्मा काढून पुसत म्हणाली, "मावशी, आणखी एक शिवाल का? अंगरखा. पाठीमागून पूर्ण उघडा, वर-खाली दोन नाड्या. हात हलवावे लागू नयेत असा."

"कितव्या पेटीला?"

"पेटीला नाही." सिस्टर थांबली. "जी मुलं राहत नाहीत त्यांच्यासाठी. त्यांच्या मापाचं बाजारात काही मिळत नाही हो. आम्ही गॉझमध्ये गुंडाळून देतो. आईबापांच्या हातात ते तसं देताना... बरं नाही वाटत."

मावशी दोन पावलं मागे सरली. "माझ्या हातून ते व्हायचं नाही."

"एखादा करून ठेवा नुसता."

"आणि माप कुणाचं घेऊ?" मावशी एकदम ओरडली. "सांगा ना! मला एकच माप पाठ आहे!"

सिस्टरने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. तिचंही काही चुकलं नव्हतं, मावशीचंही नाही. पण त्यानंतर दोन दिवस मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही.

आणि मग त्या खोलीत जंतुसंसर्ग शिरला. कुठून, कसा, देव जाणे. सोमवार उजाडला आणि चिठ्ठी आलीच नाही. दाराची काच आतून पडदा लावून बंद केलेली. डॉक्टर आत गेले, दुसरे डॉक्टर आले, तेही आत गेले. कुणी विचारलं तर "थांबा" एवढंच. पहारेकरी म्हणाला, दोन पेट्यांचं बिघडलंय, तिसरी आणि पाचवी. म्हणजे बाकावरच्या दोघांचं.

मावशी आणि वेल्डर शेजारी शेजारी बसून राहिले. मावशीच्या मांडीवर कापड होतं, पण टाका पडत नव्हता. शिवलं तर कितीचं शिवायचं? साडेपंचवीसचं? तिने आयुष्यभर हातांच्या जोरावर सगळं निभावलं होतं. नवरा गेला तेव्हासुद्धा तेराही दिवस ती काहीबाही शिवत होती. आणि आता पाच पावलांवर नात जगते की जाते याची झुंज चालली होती आणि हात नुसते मांडीवर पडले होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

चारच्या सुमारास दार उघडलं. सिस्टर बाहेर आली. तिने आधी मावशीकडे पाहिलं, मग वेल्डरकडे, आणि तिची नजर वेल्डरवर थांबली.

आमची नाही!

हे मावशीच्या मनात आलं. खोटं कशाला सांगायचं, सगळ्यात आधी हेच आलं, आणि इतक्या आनंदाने आलं की छाती भरून आली. आमची नाही, आमची नाही. आणि मग शेजारी वेल्डरचे ते मोठाले डागाळलेले हात गुडघ्यांवरून घसरलेले तिने पाहिले, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

वेल्डर रडला नाही. आत जाऊन आला, पुन्हा बाकावर बसला. मग म्हणाला, "मावशी, ते त्याला पट्टीच्या कापडात गुंडाळतायत. हिला शुद्ध आली तर विचारेल, काय घातलं होतं म्हणून. तुमच्याकडे आहे का काही?"

नव्हतं. मावशीने नाही म्हटलं होतं ना सिस्टरला, म्हणून नव्हतं.

"देते," ती म्हणाली. "अर्धा तास दे मला."

पिशवीत मलमल होती. बाकावरच पसरली, बाकावरच कापली. वेल्डर माप सांगत गेला. छाती, खांदा, हात, सगळं पाठ होतं त्याला. मावशीची सुई ओवली जाईना, त्याने ओवून दिली. तिने पाठीच्या कडा शिवायला घेतल्या तेव्हा तो म्हणाला, "एक नाडी मी शिवू?" तिने दुसरी सुई त्याच्या हातात दिली. दोघे शिवत बसले. त्याचे टाके वाकडेतिकडे पडत होते, आणि तिने एकही सुधारला नाही.

अंगरखा झाला. पांढरा, तळहाताएवढा. मावशीने तो मांडीवर सारखा केला आणि नाड्या सोडवत होती, तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. चाकाच्या खुर्चीत लेक. आज तिला पहिल्यांदा खाली यायची परवानगी मिळाली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, बाळंतिणीला धक्का नको म्हणून. वरच्या नर्सने खुर्ची बाकाशी आणून लावली आणि कागद आणायला गेली.

लेकीने अंगरखा पाहिला आणि तिचा चेहरा असा उजळला की मावशीने कितीतरी वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"अय्या! कपडे घालायची परवानगी दिली? आई, किती सुंदर शिवलंयस गं!" तिने तो मावशीच्या मांडीवरून उचलला, दोन्ही हातांवर पसरला, गालाला लावला. "अगदी पिसासारखा. आणि हे टाके असे वाकडे कसे? तुझे कधी असे नसतात."

"ते माझे आहेत, ताई," वेल्डर उभा राहत म्हणाला. "अंगरखा माझ्या मुलाचा आहे."

"हो का? सॉरी हं, दादा." लेकीने हसून, जपून, चुणी न पडू देता तो त्याच्या हातावर ठेवला. "छान दिसेल त्याला."

वेल्डरने मान हलवली. "हो," तो म्हणाला, आणि अंगरखा घेऊन आत गेला.

दार बंद झालं. लेक आईकडे वळली. लहानपणी दुकानातला फ्रॉक मागताना तिचा चेहरा असा व्हायचा. तिने मावशीचा हात धरला आणि म्हणाली, "आई, आमच्या पिल्लूलाही अगदी असाच एक शिव ना."

"नाही!"

मावशी इतक्या जोरात बोलली की कॉरिडॉरच्या टोकाचा पहारेकरी वळून बघू लागला.

लेकीचा हात सुटला. "का गं?" तिचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं मी नको म्हणत होते त्याचा राग काढतेस होय? आता मी स्वतः मागतेय तर परक्यांच्या मुलांना शिवशील आणि माझ्या मुलीला नाही?"

मावशीने तोंड उघडलं. काय सांगणार होती? काय सांगता येण्यासारखं होतं? समोर दार बंद होतं, पडदा लावलेला होता, आणि आजची चिठ्ठी अजून आली नव्हती.

"सांग ना आई," लेक म्हणत होती. "शिवशील ना?"